औषध जुनं, पत्ता नवा

एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेतल्या पॅसिरा या औषधकंपनीनं भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेवर दावा ठोकला. निमित्त होतं संघटनेच्या 'अ‍ॅनेस्थेसिऑलॉजी' या मासिकाच्या फेब्रुवारी अंकाचं. कंपनीच्या 'एक्स्पारेल' या इंजेक्शनवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासून त्यात निष्कर्ष छापला होता, की शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर हे महागडं औषध साध्या, स्वस्त ब्युपिव्हाकेन या भुलीच्या औषधापेक्षा रुग्णाला जाणवेल इतकं सरस ठरत नाही. ही आपल्या मालाची बदनामी आहे, असं कंपनीचं म्हणणं. न्यायालयानं २०२२मध्ये दावा फेटाळला. मार्च २०२३मध्ये अपील न्यायालयानंही तेच सांगितलं : मासिकातले निष्कर्ष हे शास्त्रज्ञांचं मत आहे, त्याला बदनामी म्हणता येत नाही.

एक्स्पारेल अफूवर्गातलं औषध नाही, आणि ते मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं असतं. वेदनाशास्त्रानं गेल्या दोन दशकांत ज्या दोन गोष्टींवर आशा ठेवली, त्या दोन्ही या एका कुपीत होत्या. एक, अफूवाचून वेदना शमवणं. दुसरी, औषध अतिसूक्ष्म कणांत भरून ते नेमकं हवं तिथे आणि हवं तितका वेळ पुरवणं. म्हणूनच या खटल्यातला प्रश्न एका कंपनीपुरता राहत नाही. कणात भरल्यानं वेदनाशामक औषध खरोखर बदलतं का? कुठे बदलतं, आणि कुठे नुसती किंमत बदलते? या क्षेत्राकडे मोठ्या अपेक्षेनं पाहणाऱ्यांनी तर हा प्रश्न अधिकच कठोरपणे विचारायला हवा, असं मला वाटतं.

अफूपासून निघालेली किंवा तिच्या धर्तीवर बनवलेली औषधं तीव्र वेदनेवर आजही सर्वांत भरवशाची आहेत. अपघातात मोडलेली मांडी, मोठी शस्त्रक्रिया, हाडांत पसरलेला कर्करोग अशा वेळी मॉर्फीनला तोड नाही. अडचण अशी, की मॉर्फीन ज्या रिसेप्टरला चिकटून वेदना थांबवतं तोच रिसेप्टर श्वासाची लय सांभाळणाऱ्या मेंदूतल्या पेशींवर आहे, आतड्याच्या भिंतीत आहे आणि सुखाची चटक लावणाऱ्या मार्गावरही आहे. वेदना ओसरते तसा श्वासही मंदावतो, शौचाला होत नाही, मात्रा वाढवत न्यावी लागते आणि काहींना व्यसन जडतं. अमेरिकेत १९९६मध्ये 'ऑक्सिकॉन्टिन' बाजारात आलं. त्याचं व्यसन फारसं लागत नाही असा प्रचार झाला, आणि २००७मध्ये त्या कंपनीनं दिशाभूल केल्याचा गुन्हा कबूल केला. तोवर लाट हाताबाहेर गेली होती. २०२१ या एका वर्षात तिथे अमली द्रव्यांच्या अतिमात्रेनं एक लाखाहून अधिक माणसं मेली. त्यातले बहुतेक मृत्यू अफूवर्गातल्या द्रव्यांमुळे, मुख्यतः चोरट्या फेंटानिलमुळे झाले.

ही लाट वाढत असतानाच डॉक्टरांनी एक जुनं गृहीतक तपासायला घेतलं : दीर्घकाळच्या दुखण्यावर ही औषधं खरंच गुण देतात का? २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत पाठ, खुबा किंवा गुडघा सतत दुखणाऱ्या २४० माजी सैनिकांपैकी काहींना वर्षभर अफूवर्गातली, बाकीच्यांना अफूरहित औषधं दिली गेली. अफूवर्गातल्या औषधांनी चालणं-फिरणं अधिक सुधारलं नाही. २०२३मध्ये सिडनीच्या संशोधकांनी नुकत्याच सुरू झालेल्या पाठदुखी-मानदुखीवर ऑक्सिकोडोन असलेली गोळी वापरून पाहिली, ती बिनऔषधाच्या गोळीहून सरस ठरली नाही. तेव्हा पर्याय शोधण्याचं कारण फक्त व्यसनाची भीती एवढंच नाही. जुनाट वेदनेवर आपल्याकडे चांगलं औषध मुळातच कमी आहे.

मग पर्याय आजवर का सापडले नाहीत? सापडले होते, आणि एकेक करून पडले. हा पडझडीचा इतिहास समजून घेतल्याशिवाय अतिसूक्ष्म कणांचं, म्हणजे नॅनोकणांचं, महत्त्व कळत नाही.

रोफेकॉक्सिब म्हणजे 'व्हायॉक्स' हे पोटाला न बाधणारं वेदनाशामक म्हणून आलं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो हे दिसल्यावर सप्टेंबर २००४मध्ये कंपनीनंच परत घेतलं. सुजलेल्या सांध्यात जे एन्झाइम त्यानं रोखायचं, ते रक्तवाहिन्यांच्या अस्तरात मात्र रक्ताची गुठळी होऊ न देण्याचं काम करतं. मिरचीचा तिखटपणा ओळखणारा टीआरपीव्ही-१ हा चॅनेल डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७मध्ये हुडकला आणि त्या वाटेवरच्या कामाला २०२१चं नोबेल मिळालं. तो चॅनेल बंद करणारे रेणू माणसांना दिले तर अंगाचं तापमान चढू लागलं, कारण शरीराची उष्णता सांभाळण्यातही त्याचा हात आहे. मज्जातंतूंना हळवं करणाऱ्या एनजीएफ या प्रथिनाला पकडणारं टॅनेझुमॅब गुडघेदुखीवर चाललं, पण काहींचे सांधे वेगानं झिजले. मार्च २०२१मध्ये अमेरिकी सल्लागार समितीनं १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला.

सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट मज्जातंतूंतल्या सोडियम चॅनेलची. २००६मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या मुलांना जन्मापासून वेदना म्हणून कळत नव्हती. एक मुलगा हातात सुरी खुपसून, निखाऱ्यांवर चालून रस्त्यावर खेळ दाखवायचा. चौदा वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो मेला. या कुटुंबांत एनएव्ही-१.७ नावाचा सोडियम चॅनेल बनवणारं जनुक निकामी होतं. मग हाच चॅनेल रोखायला जगभरच्या कंपन्या धावल्या, पण त्यांच्या रेणूंनी माणसांत निराशा केली. त्याचा भाऊबंद एनएव्ही-१.८ मात्र हाती लागला. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेनं 'सुझेट्रिजिन' या गोळीला तीव्र वेदनेसाठी मान्यता दिली. हा चॅनेल मुख्यतः मेंदूबाहेरच्या वेदनावाही मज्जातंतूंतच असल्यामुळे ही गोळी झोप आणत नाही की चटक लावत नाही. ही बातमी खरोखर मोठी आहे. पण सायटिकेच्या रुग्णांवरच्या चाचणीत बिनऔषधाच्या गोळीनंही जवळपास तितकाच आराम दिला होता, हेही त्याच सुमाराला समोर आलं.

ही यादी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बहुतेक वेळा लक्ष्य बरोबर होतं, औषध गेलं मात्र अंगभर. दुखतोय डावा गुडघा, पण गोळीतलं औषध पोट, मूत्रपिंड, हृदय, यकृत असं सगळीकडे पोचतं आणि गुडघ्याच्या वाट्याला थोडंसं येतं. वेदनेचा प्रश्न नव्या रेणूचा जितका आहे तितकाच, कदाचित त्याहून जास्त, पत्त्याचा आणि वेळेचा आहे. नॅनोकणांचा खरा दावा इथे आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, औषधाचे कण बहुधा वीस ते काहीशे नॅनोमीटरचे. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहममध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवलं, की विशिष्ट प्रकारचा मेद पाण्यात मिसळला की तो आपोआप बंद पिशव्या बनवतो. या पिशव्या म्हणजे लायपोसोम. १९९५मध्ये कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन अशा पिशव्यांत भरून अमेरिकेत मान्य झालं आणि त्याचा हृदयावरचा घाव बराच कमी झाला.

महाराष्ट्राला लायपोसोम परके नाहीत. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटानं दिल्ली विद्यापीठातल्या बी. के. बच्छावत यांच्या सहकार्यानं अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध लायपोसोममध्ये भरून भारतीय रुग्णांपर्यंत पोचवलं. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत पद्मा देवराजन आणि वंदना पत्रावळे यांच्या प्रयोगशाळांनी सूक्ष्मकणांतून औषध पोचवण्याच्या शास्त्रात वर्षानुवर्षं काम केलं आहे. आणि २०२१च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीच्या साथीत लायपोसोमल इंजेक्शनसाठी वणवण करणारी कुटुंबं तर आपल्यातल्या अनेकांनी पाहिली. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला मारतं, लायपोसोममधलं बरंच सोसवतं. रेणू तोच, फक्त तो शरीरात कुठे जातो आणि कुठे जात नाही एवढंच बदललं. कणांच्या बाजूनं याहून चांगला पुरावा शोधायची गरज नाही.

वेदनेच्या बाबतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही.

पहिली वाट दळण्याची. जुनी वेदनाशामकं पाण्यात नीट विरघळत नाहीत. त्यांचे स्फटिक फार बारीक दळले की ती लवकर विरघळतात आणि कमी मात्रेत काम करतात. २०१३मध्ये डायक्लोफेनॅकची अशी १८ आणि ३५ मिलिग्रॅमची कॅप्सूल अमेरिकेत आली. मेलॉक्सिकॅमचे नॅनोस्फटिक शिरेतून दिवसातून एकदा द्यायचं 'अन्जेसो' फेब्रुवारी २०२०मध्ये मान्य झालं आणि २०२२ संपण्यापूर्वी विक्रीअभावी बंदही पडलं. जपाननं याआधीच, १९९०च्या दशकापासून, फ्लर्बिप्रोफेन मेदाच्या सुमारे २०० नॅनोमीटरच्या थेंबांत भरून शिरेतून द्यायला सुरुवात केली होती. हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्यानं वेदनेच्या उपचाराची दिशा बदलत नाही. सूज कमी करणाऱ्या औषधाचा मूळ धोका, म्हणजे पोटातला रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरचा ताण, कमी मात्रेनं कमी होईल, नाहीसा होणार नाही.

दुसरी वाट कातडीवरून. इथली एक चाचणी या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकानं वाचावी. किटोप्रोफेन हे औषध लवचीक मेदकणांत भरून त्याचं जेल बनवलं होतं. कल्पना अशी, की हे कण कातडीच्या फटींतून वाकून आत शिरतील आणि सांध्यापर्यंत औषध नेतील. गुडघ्याच्या झिजेनं त्रासलेल्या तेराशेहून अधिक रुग्णांवर चाचणी झाली. तुलनेसाठी औषध न घातलेलं, नुसत्या मेदकणांचं जेलही ठेवलं होतं. २०१३मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं, की रिकाम्या कणांच्या जेलनं औषध भरलेल्या जेलइतकाच आराम दिला. पुढे ते रिकामं जेलच बाजारात आलं. रिकामे कण सांध्यात वंगणासारखे काम करतात असा खुलासा मांडला गेला. तो बरोबर असेलही. पण माझ्या लेखी या चाचणीचा खरा धडा वेगळा आहे : वेदनेच्या क्षेत्रात तुलनेचा गट नीट निवडला नाही, तर कोणताही कण यशस्वी ठरवता येतो.

तिसरी वाट वेळेची, आणि इथेच एक्स्पारेल येतं. ब्युपिव्हाकेन ही जागा बधिर करणारी जुनी भूल, १९५७मध्ये बनवलेली. तिचा असर काही तासांत उतरतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट असतात, आणि त्याच दिवसांत अफूवर्गातल्या गोळ्या हातात पडतात. हे अंतर भरून काढायला एक्स्पारेलमध्ये ब्युपिव्हाकेन अनेक कप्प्यांच्या लायपोसोममध्ये भरलं. डाळिंब फोडल्यावर पडद्यापडद्यांआड दाणे दिसतात तशी त्याची रचना असते. कप्पे एकेक करून फुटतात आणि औषध हळूहळू बाहेर येतं. २०११मध्ये त्याला मान्यता मिळाली. हे कण काही मायक्रोमीटरपासून तीसेक मायक्रोमीटरपर्यंतचे, म्हणजे काटेकोर अर्थानं नॅनो नाहीतच. ते मुद्दाम मोठे ठेवलेले आहेत, कारण त्यांनी टोचलेल्या जागीच बसून राहावं.

कल्पना चोख होती. मग फायदा का दिसला नाही? सत्तरहून अधिक चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या लेखकांना आढळलं, की एक्स्पारेलची तुलना काहीच न देण्याशी केली तर ते जिंकतं, साध्या ब्युपिव्हाकेनशी केली तर बहुतेक वेळा बरोबरी होते. माझ्या मते कारण हळू सुटण्यातच असावं. मज्जातंतू बधिर व्हायला त्याच्याभोवती औषधाची किमान एक पातळी लागते. थेंबथेंब झिरपणारं औषध बाहत्तर तास पुरतं खरं, पण पुरेसं दाट होतंच असं नाही. त्यातच भूलतज्ज्ञांनी दरम्यान दुसरा मार्ग शोधला : साध्या ब्युपिव्हाकेनमध्ये थोडं डेक्सामेथासोन मिसळलं की मज्जातंतूची बधिरता कित्येक तासांनी लांबते, आणि त्याला काही रुपयेच लागतात. एक्स्पारेलच्या एका कुपीला शेकडो डॉलर मोजावे लागतात. अमेरिकेत १ जानेवारी २०२५पासून एका नव्या कायद्यानं अशा अफूरहित उपचारांना सरकारी विम्यात स्वतंत्र पैसे मिळू लागले आहेत. हेतू चांगला आहे. पण 'अफूरहित' हा शब्द छापला म्हणून पैसे द्यायचे आणि 'साध्यापेक्षा सरस' हे सिद्ध करायला लावायचं नाही, हे धोरण मला पटत नाही.

ब्युपिव्हाकेनशी निगडित एक गोष्ट मला कणांच्या शास्त्रातली सर्वांत सुंदर वाटते. ब्युपिव्हाकेन चुकून रक्तवाहिनीत गेलं तर हृदय थांबू शकतं. अशा वेळी शिरेतून मेदाच्या बारीक थेंबांचं दुधाळ द्रावण देतात, तेच जे एरवी तोंडानं खाऊ न शकणाऱ्या रुग्णाला पोषण म्हणून दिलं जातं. हे थेंब रक्तातलं ब्युपिव्हाकेन स्वतःत ओढून घेतात आणि हृदयापासून दूर नेतात. गाय वाइनबर्ग यांनी १९९८मध्ये उंदरांवर दाखवलेला हा उपाय आज जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत तयार ठेवलेला असतो. कण औषध पोचवतात तसं परतही आणतात.

सांध्यात टोचायच्या स्टेरॉइडचं असंच एक उदाहरण. विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत ट्रायम्सिनोलोन भरलेलं 'झिल्रेटा' २०१७मध्ये गुडघेदुखीसाठी मान्य झालं. वेदनेत ते साध्या ट्रायम्सिनोलोनपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. पण मधुमेही रुग्णांत साध्या इंजेक्शननंतर रक्तातली साखर जशी उसळते तशी यात उसळली नाही, कारण औषध सांध्यातून रक्तात हळूहळू झिरपतं. म्हणजे फायदा होता, तो जाहिरात केलेल्या जागी नव्हता. गुडघेदुखी आणि मधुमेह एकाच घरात, एकाच माणसात नांदतात अशा आपल्या समाजाला हा तपशील महत्त्वाचा आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. इथे एक काम बाकी सगळ्यांच्या वर ठेवावं असं आहे.

१९३१मध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांनी घोड्याच्या मेंदू आणि आतड्यातून एक द्रव्य मिळवलं, त्याला 'सबस्टन्स पी' नाव पडलं. वेदनावाही मज्जातंतू पाठीच्या कण्यात निरोप देतात तेव्हा हे द्रव्य सुटतं आणि पुढच्या पेशीवरच्या एनके-१ या रिसेप्टरला जाऊन चिकटतं. तो रिसेप्टर बंद केला तर वेदना थांबेल, हा तर्क सरळ होता. १९९०च्या दशकात कंपन्यांनी असे रेणू बनवले, प्राण्यांत ते चालले, माणसांत एकामागून एक पडले. त्यांपैकी अ‍ॅप्रेपिटंट २००३मध्ये वेगळ्याच कामासाठी मान्य झालं : केमोथेरपीनंतरच्या उलट्यांसाठी. वेदनेपुरतं ते प्रकरण मिटलं असं सगळ्यांनी धरून चाललं.

मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातले आणि पुढे न्यूयॉर्कला गेलेले नायजेल बनेट यांचा गट मात्र रिसेप्टर पेशीत पुढे कुठे जातो याच्या मागावर होता. सबस्टन्स पी चिकटल्यावर एनके-१ पेशीच्या पृष्ठभागावर थांबत नाही. पेशी त्याला आत ओढते, एंडोसोम नावाच्या आतल्या कप्प्यात नेते, आणि तिथे बसून तो वेदनेचा निरोप पाठवतच राहतो. बाहेरच्या बाजूनं काम करणारं औषध त्याला तिथे गाठू शकत नाही. २०१७मध्ये या गटानं रोधक रेणूला मेदाची शेपटी जोडून तो एंडोसोमपर्यंत नेला आणि प्राण्यांत आराम जास्त टिकतो हे दाखवलं. २०१९मध्ये 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त पुढचं पाऊल आलं. त्यांनी अ‍ॅप्रेपिटंट अशा पॉलिमरच्या नॅनोकणांत भरलं की जे रक्तासारख्या उदासीन द्रवात घट्ट राहतात आणि एंडोसोमच्या आम्लात उलगडून पडतात. पेशीनं कण गिळायचा, कप्पा आम्लधर्मी व्हायचा, कण फुटायचा आणि औषध नेमकं रिसेप्टरशेजारी मोकळं व्हायचं. उंदरांच्या कण्याजवळ टोचलेल्या या कणांनी सुजेच्या आणि इजा झालेल्या मज्जातंतूच्या वेदनेवर नेहमीच्या औषधांहून अधिक आणि अधिक काळ आराम दिला.

यात नवा रेणू एकही नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अपयशी ठरवलेला, सुरक्षितता ठाऊक असलेला रेणू एका पेशीतल्या एका कप्प्यात नेला, एवढंच. औषधकंपन्यांच्या कपाटांत पडून असलेल्या कितीतरी औषधांबद्दल आता हाच प्रश्न विचारता येतो : ते निकामी होतं, की त्याला चुकीच्या दारात उभं केलं होतं? मायग्रेनमध्ये गुंतलेल्या सीजीआरपी या द्रव्याच्या रिसेप्टरबाबतही एंडोसोमचाच माग काढणारे प्रयोग उंदरांत झाले आहेत.

पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठात येलेना यानिच यांच्या गटानं दुसरा पत्ता निवडला. दुखावलेल्या मज्जातंतूभोवती मॅक्रोफेज या भक्षक पेशी गोळा होतात आणि सूज धगधगती ठेवतात. कण गिळणं हा त्यांचा धर्मच. मग सेलेकॉक्सिब बारीक थेंबांत भरून शिरेतून दिलं, त्या पेशींनी ते खाल्लं आणि औषध बरोबर दुखावलेल्या जागी जमलं. उंदरांत तोंडी मात्रेच्या मानानं अगदी थोड्या औषधावर कित्येक दिवस आराम टिकला. व्हायॉक्सच्या वेळी रक्तवाहिन्यांना जी झळ लागली, ती टाळून तोच वर्ग वापरण्याचा हा रस्ता आहे.

बॉस्टनमध्ये डॅनियल कोहान यांच्या प्रयोगशाळेत ताबा रुग्णाच्या हाती देण्याचा प्रयत्न चालू आहे. फुगू माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष सोडियम चॅनेल घट्ट बंद करतं. ते लायपोसोममध्ये भरून, पिशवीच्या भिंतीत सोन्याच्या नॅनोकांड्या बसवून मज्जातंतूजवळ टोचलं आणि बाहेरून अवरक्त प्रकाश टाकला की कांड्या तापतात, भिंत सैल होते, थोडं औषध सुटतं. दिवा बंद केला की थांबतं. प्रकाश फार खोल जात नाही म्हणून त्यांनी पुढे अल्ट्रासाउंड वापरलं. हेही उंदरांतलंच काम आहे. पण दुखेल तेव्हाच आणि दुखेल तितकीच बधिरता ही कल्पना सायटिकेनं रात्र-रात्र जागणाऱ्याला किती मोलाची आहे, हे सांगायला नको.

वेदनेच्या जनुकाचा आवाज दाबण्याचे प्रयोगही झाले आहेत. २०२१मध्ये कॅलिफोर्नियात एनएव्ही-१.७चं जनुक न कापता नुसतं गप्प करणारी क्रिस्पर यंत्रणा विषाणूच्या कवचातून उंदरांना दिली, आणि परिणाम कित्येक महिने टिकला. मेदकणांतून आरएनए नेणारं तंत्र करोनाच्या लशींनी घराघरांत पोचवलं. मज्जातंतूच्या आनुवंशिक आजारावरचं पॅटिसिरान त्याआधी, २०१८मध्येच, मान्य झालं होतं, मात्र ते काम करतं यकृतात. शिरेतून दिलेले मेदकण बहुतांशी यकृतात जातात, हीच तर अडचण आहे. शिवाय महिनोन्महिने वेदना बंद ठेवायची तर छपरावरून उडी मारणारा तो मुलगा आठवावा लागतो.

अडथळे लपवून चालणार नाहीत. २०१६मध्ये कर्करोगावरच्या नॅनोकणांच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा आढावा घेतला गेला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचणारा वाटा निघाला जेमतेम ०.७ टक्के (मध्यक). बाकीचे कण यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी टिपून घेतात. मज्जातंतूला स्वतःचं वेष्टन आहे, मेंदूला त्याहून कडक. त्यातल्या त्यात सोयीची जागा म्हणजे पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेले मज्जातंतूपेशींचे पुंजके. तिथल्या केशवाहिन्यांना बारीक खिडक्या असतात, त्यामुळे रक्तातून आलेला कण आत शिरू शकतो. काहींना कणांवरच्या लेपाची अ‍ॅलर्जी येते. जुनाट दुखण्याला वर्षानुवर्षं औषध लागतं, तेव्हा हा प्रश्न एका लशीपेक्षा फार मोठा होतो. आणि कण्यात सुई घालून द्यायचं औषध कितीही चांगलं असलं तरी कंबरदुखीच्या लाखो रुग्णांना ते देता येणार नाही.

याहून खोल अडचण उंदरांचीच आहे. उंदीर तापलेल्या तव्यावरून पाय किती सेकंदांत उचलतो यावरून आपण वेदना मोजतो. माणसाची जुनाट वेदना त्यात झोप, भीती, कामाचा बुडालेला रोज, घरातलं वातावरण हे सगळं घेऊन येते. एनके-१चे रेणू प्राण्यांत चालून माणसांत पडले होते, हे विसरून त्याच प्राण्यांतल्या नव्या यशावर उड्या मारणं बरोबर नाही.

आपल्या देशात याकडे कसं पाहायचं? जैवतंत्रज्ञान विभागानं ऑक्टोबर २०१९मध्ये नॅनोऔषधांच्या परीक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, ही योग्य सुरुवात आहे. ती औषधांना लागू होतात. दुकानात 'नॅनो' शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल पूरक आहार म्हणून येतात आणि त्या चाळणीतून निसटतात. हळदीतलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं हे खरं, बारीक कणांनी ते जास्त पोचतं हेही खरं. पण रक्तात पोचणं म्हणजे गुडघेदुखी थांबणं नव्हे. गुडघेदुखीच्या काही लहान चाचण्यांत फायदा दिसला आहे. त्यावर महिन्याला हजारो रुपये खर्च करावेत इतका तो पुरावा भक्कम नाही.

अफूवर्गाबद्दल तर आपण एकाच वेळी दोन्ही टोकांना उभे आहोत. फेब्रुवारी २०२५मध्ये उघड झालं, की मुंबईची एक कंपनी टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांची गोळी पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि तिथली तरुण पोरं तिच्या नादी लागली होती. त्यानंतर सरकारनं या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवली. दुसरीकडे १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फीन इतकं जखडून टाकलं, की पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ लढा दिला, २०१४मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फीन ठेवणं सोपं झालं. निदान कागदावर तरी.

मुंबईच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फीनची गोळी मिळते. तोच रुग्ण गावी परतल्यावर तालुक्याच्या ठिकाणी ती मिळेल याची खात्री नसते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्यानं अफू पिकते आणि नीमचलाच त्या अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना आहे. म्हणजे कच्चा माल घरचाच आहे, आणि मॉर्फीनची गोळी महागही नाही.

म्हणून दोन मागण्या एकाच वेळी लावून धरायला हव्यात. नॅनोकणांवरच्या संशोधनाला पैसा मिळावा, पण प्रत्येक नव्या कणाची तुलना साध्या जुन्या औषधाशी व्हावी आणि ती चाचणी भारतीय रुग्णांवर, भारतीय किमतीत व्हावी. आणि तोवर, ज्याच्या हाडांत कर्करोग उतरला आहे त्याला 'अफूरहित भविष्य' सांगून ताटकळत ठेवू नये. तुमच्या जिल्हा रुग्णालयात मॉर्फीनची गोळी मिळते का, एवढं एकदा विचारून या. मिळत नसेल तर लेखी विचारा, कारण कायदा आता तुमच्या बाजूनं आहे.